आमची वाटचाल: पॅकिंग हाउसातला पायथन

रत्नागिरीत फर्म सुरू केली तेव्हा काम यायचं ते वेबसाइटचं. गणपतीपुळे, गुहागर, तारकर्ली इथल्या न्याहारी-निवासवाल्यांना खोल्यांचं बुकिंग हवं असायचं. ते काम आजही येतं. पण आमची फर्म घडली ती आंब्याच्या हिशोबावर, तेव्हा लिहायचं तर त्याबद्दलच.

बागायतदाराचा हिशोब लांबून सरळ दिसतो: फळ उतरवलं, निवडलं, पेट्या भरल्या, वाशीला पाठवल्या, पट्टी (व्यापाऱ्याचा विक्रीचा हिशोब) आली. प्रत्यक्षात एकाच दिवशी चार, पाच आणि सहा डझनी पेट्या वेगवेगळ्या व्यापाऱ्यांकडे जातात. पट्टी मागाहून येते, तिच्यातून हमाली आणि गाडीभाडं वजा होतं. बारीक आणि डागी फळ किलोच्या भावाने कॅनिंगला जातं. एका जागी भाव बदलला की खालचे सगळे आकडे हलायला हवेत. एक्सेलमध्ये ते आपोआप होतं, म्हणून मंडळी एक्सेल सोडायला तयार नव्हती. देवगडचे एक काका पहिल्याच भेटीत म्हणाले होते, "भाव बदललो की एकूण आकडो लगेच दिसाक व्हयो." रिअॅक्टिव्ह फ्रंटएंड, म्हणजे आपोआप बदलणारा पडदा, म्हणजे काय ते याहून नेमकं मला कुणी सांगितलेलं नाही. कुठला आकडा कशावर अवलंबून आहे ते एकदा लिहायचं. मग मूळ बदललं की पडद्यावरचं बाकीचं स्वतः बदलतं. हा विचार १९७९ च्या व्हिसीकॅल्क या एक्सेलसारख्या प्रोग्रामपासून लोकांच्या हातात आहे. २०१३ मध्ये रिअॅक्ट, म्हणजे पडदे बनवायची जावास्क्रिप्ट लायब्ररी, सर्वांसाठी खुलं झालं आणि वेबच्या दुनियेत तो रुळला.

अडचण रिअॅक्टची नव्हती, आमच्या माणसांची होती. सर्व्हरचं काम आम्ही जँगो या फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे पायथन भाषेत करायचो. पडदा जावास्क्रिप्टमध्ये. त्यामुळे पाच डझनी पेटीत किती फळं बसतात, कॅनिंगच्या मालाला कुठला भाव लागतो, असे नियम दोन भाषांत दोनदा लिहावे लागत. एका बाजूला बदल झाला की दुसरीकडे करायची आठवण ठेवावी लागे. रत्नागिरीत रिअॅक्ट चांगलं येणारा मुलगा मिळाला, तर त्याला पुण्याचा किंवा मुंबईचा पगार खुणावतोच, आणि त्यात त्याचं काही चूक नाही. पायथन मात्र इथल्याच कॉलेजात बीएस्सीला शिकलेली मुलं-मुली आहेत, आणि त्यांना इथेच राहायचं आहे.

म्हणून पडदासुद्धा पायथनमध्येच लिहायचं ठरवलं. सुरुवात स्ट्रीमलिट या पायथन लायब्ररीने केली. अहवाल आणि तक्ते दाखवायला ते फार सोयीचं आहे, आजही त्यासाठी वापरतो. पण त्याचा मूळ स्वभाव असा की पडद्यावर काहीही दाबलं की सगळी स्क्रिप्ट वरून खालपर्यंत पुन्हा चालते. पॅकिंग हाउसात चौघं एकाच वेळी पेट्यांची नोंद करत असतात. तिथे एका पेटीसाठी सगळं पान नव्याने मांडलं जाणं आम्हाला पटेना.

दुसरा प्रश्न नेटचा. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा आंब्याचा हंगाम ऐन भरात होता. गावंच्या गावं अंधारात गेली. एवढं मोठं वादळ सोडा, साध्या वळवाच्या पावसातही इथे टॉवर जातो. अशा पायथन लायब्ररींत पडद्याची अवस्था, म्हणजे त्यावरचे चालू आकडे, सर्व्हरवर असते आणि ब्राउझर वेबसॉकेटने, म्हणजे सतत उघड्या जोडणीने, त्याला जोडलेला असतो. जोड तुटली की पडदा मुका. म्हणजे सर्व्हर लांब मुंबईत ठेवला तर सगळी भिस्त टॉवरवर.

त्यावर आम्ही सर्व्हरच पॅकिंग हाउसात आणला. एक लहान कॉम्प्युटर, एक राउटर, दोन्ही इन्व्हर्टरवर. मोबाइल त्या राउटरच्या वायफायला जोडलेले. बाहेरचं नेट गेलं तरी आतली नोंद चालू राहते. नेट आलं की दिवसाचा हिशोब वर जातो. सर्व्हरवर अवस्था ठेवण्याची जी पद्धत दूरच्या सर्व्हरमुळे जाचली असती, तीच इथे कामाला आली: पेट्यांचा एकच आकडा पायथनमध्ये आहे, कुणीही वाढवला तरी सगळ्यांच्या पडद्यावर तोच दिसतो.

यासाठी लायब्ररी निवडली नाइसगुई. जर्मनीतल्या झाउबरझॉइग या रोबोटवाल्या कंपनीने ती बनवली आणि खुली केली. खाली सर्व्हरसाठी फास्टएपीआय, पडद्यावर व्ह्यू आणि क्वेझार या जावास्क्रिप्ट लायब्ररी; आपण लिहायचं ते फक्त पायथन. लेबल आकड्याला बांधून टाकायचं, की आकडा बदलला की लेबल बदलतं. पण हे बांधणं आतून कसं चालतं ते समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. साध्या ऑब्जेक्टमधल्या आकड्याला बांधलं, तर लायब्ररी दर ०.१ सेकंदाला जाऊन बघते की काही बदललंय का. चार लेबलं असतील तर कुणाला कळणारही नाही. हंगामातल्या सगळ्या पेट्यांच्या ओळी बांधल्या, तर तो लहान कॉम्प्युटर नुसतं बघण्यातच दमतो. त्यासाठी बाइंडेबल प्रॉपर्टी आहेत: त्या स्वतः बदलल्या तेव्हाच पुढे कळवतात. आम्ही हिशोबाचे सगळे आकडे तसेच ठेवतो, आणि लांब याद्या रिफ्रेशेबल करून (म्हणजे सांगितल्यावर तेवढाच भाग नव्याने मांडला जाईल असं करून) गरजेपुरत्या पुन्हा मांडतो.

दुसरी काळजी इव्हेंट लूपची, म्हणजे सगळी कामं एकामागून एक हाताळणाऱ्या फेऱ्याची. सगळ्यांचे पडदे एकाच लूपवर चालतात. एकाने पट्ट्यांचा पीडीएफ काढायला सांगितला आणि ते काम लूपमध्येच केलं, तर बाकीच्यांची बटणं थबकतात. जड काम वेगळ्या प्रोसेसकडे द्यायचं, हा नियम आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगतात. तिसरी गोष्ट, फोन खिशात गेला की जोड सुटते. सर्व्हरने किती वेळ वाट पाहायची ते ठरवता येतं. मुळात ती मर्यादा ३ सेकंदांची असते. आम्ही ती पुष्कळ वाढवली, कारण हातात फळ असलेला माणूस फोन खिशात ठेवणारच.

सगळीकडे हेच चालेल असं मी म्हणत नाही. कातळावरच्या बागेत फवारणीची नोंद करायची तर तिथे राउटर नाही की वीज नाही. तिथे पायओडाइडचा विचार होतो, म्हणजे वेबअसेंब्लीत (ब्राउझर चालवू शकतो अशा कोडच्या रूपात) बसवलेला पायथन थेट ब्राउझरमध्ये. पहिल्यांदा उघडताना काही एमबी उतरवावे लागतात, ते घरच्या वायफायवर करून घ्यायचं. मग फाइली फोनमध्ये नीट साठवल्या की बागेत नेट लागत नाही. पण जुन्या फोनवर ते सुरू व्हायला वेळ लागतो, म्हणून बागेसाठी सध्या आम्ही साधा एचटीएमएल फॉर्मच देतो.

आज पडदे लिहिणाऱ्यांत दोन मुली आहेत. दोघींच्या घरी कलमं आहेत. पेटी कशी भरतात ते त्यांना समजवावं लागत नाही, आणि जावास्क्रिप्ट शिकेपर्यंत थांबावंही लागलं नाही. माझ्यासाठी या सगळ्या निवडीचं सर्वांत मोठं फळ हेच.

आता वेंगुर्ल्याच्या एका काजू कारखान्याचं काम घेतलं आहे. तिथे इलेक्ट्रॉनिक काटा सीरियल केबलने त्याच कॉम्प्युटरला जोडला आहे. काट्याचं वजन पायथन वाचतो आणि तोच आकडा पडद्याला बांधलेला आहे, मध्ये कुणी टाइप करत नाही. गराची प्रत निवडली की दर लागतो, बॅचची बेरीज पुढे सरकते. काटा स्थिर व्हायच्या आधीचं वजन कसं टाळायचं, यावर सध्या काम चालू आहे.