काकांचा बंद पडलेला हँडी परत चालू केला – माझा अनुभव

काका जाऊन सहा वर्षं झाली. हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या मंडळींच्या भाषेत सायलेंट की. मागच्या दिवाळीत कपाट आवरताना काकूने त्यांचा हँडी, म्हणजे हातात धरायचा वायरलेस सेट, माझ्या हातात ठेवला, आयकॉमचा आयसी-व्ही८, टू मीटर या हॅम बँडचा, आणि म्हणाली, तुझ्याकडे आता लायसन आहे, बघ होतोय का चालू. कापडी पाऊच, रबरी अँटेना, चार्जर सगळं होतं पण चार्जरवर रात्रभर ठेवूनसुद्धा सेट ढिम्म. नॉब फिरवला की नुसता खट्ट आवाज, डिस्प्ले कोरा.

ओळखीच्यांना विचारलं तर दोनच सल्ले मिळाले. एक, नवीन बॅटरी पॅक मागव. दोन, बटणं दाबून ठेवून ऑन कर म्हणजे फुल रीसेट होईल. पॅक मागवला, तो डुप्लिकेट निघाला, सेटला न लावताच चार दिवसांत बसला, पैसे गेले. बरं झालं त्या चार दिवसांत सेटला तो लावायची घाई केली नाही, आणि रीसेट तर नाहीच केला. का ते पुढे येईलच.

मग मल्टीमीटर घेऊन बसले. जुना पॅक ७.२ व्होल्टचा, ११०० एमएएच, म्हणजे आत १.२ व्होल्टचे सहा निकेल कॅडमियम सेल सिरीजमध्ये. टर्मिनलवर जेमतेम ०.२ व्होल्ट. पॅकची शिवण हॅक्सॉच्या पात्याने हळूहळू कापली (आत पातं खोल गेलं तर सेल शॉर्ट होईल, म्हणून एकेक मिलिमीटर), उघडल्यावर पांढरी-हिरवी भुकटी. दोन सेलच्या तोंडातून गळती झालेली. तरी म्हटलं बघू, प्रत्येकाला वेगवेगळा १०० मिलिअँपचा करंट दिला दहा दहा मिनिटं. चार सेल १.३ च्या आसपास चढले, दोन शून्यावरून हलेचनात, ते आतून शॉर्ट झाले होते. म्हणून रात्रभर चार्जिंगचा उपयोग नव्हता. असे सेल जोरात करंटचा झटका देऊन उठवतात म्हणे, उठतातही, पण पुन्हा काही दिवसांत मरतात, मी त्या वाटेला गेले नाही. कॅडमियम विषारी आहे, तेव्हा सेल कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. हातमोजे घालूनच काम करा.

सेटच्या मागच्या कॉन्टॅक्टवरही तीच भुकटी चढली होती. ही गळती अल्कली असते त्यामुळे कानकाडीला पांढरं व्हिनेगर लावून पुसली की थोडी फसफसते आणि निघते, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसून पंख्याखाली दिवसभर वाळत ठेवला. खालचा पितळी रंग दिसला तेव्हा फार बरं वाटलं.

आता खरी भीती होती पहिल्यांदा करंट द्यायची. इतकी वर्षं पडलेल्या सेटमध्ये काही शॉर्ट असेल तर सरळ बॅटरी लावल्यावर जळेल, आणि प्लस मायनस उलटं झालं तर संपलंच. मायनस कुठला हे पक्कं करायला अँटेनाच्या बीएनसी सॉकेटच्या बाहेरच्या कड्याला मीटरची एक पिन लावली आणि दुसरी कॉन्टॅक्टला, जिथे बीप वाजला तो मायनस. पॅकवरच्या खुणेशी पण जुळवून पाहिलं. करंटला मर्यादा घालता येणारा लॅब सप्लाय घरात नाही म्हणून पुण्याच्या तपकीर गल्लीतून सहा सेलचा होल्डर, मगरीचे क्लिप आणि गाडीच्या पार्किंग लाइटचा १२ व्होल्ट ५ वॉटचा बल्ब आणला. बल्ब सिरीजमध्ये. सेट ठीक असेल तर ऐकताना तो शंभरेक मिलिअँपच्या आतबाहेर घेतो, बल्ब पेटत नाही. आत शॉर्ट असेल तर सगळा व्होल्टेज बल्बवर येतो, बल्ब पेटतो पण सेट वाचतो. साधी गोष्ट, पण मला फार आवडते.

नॉब फिरवला. बल्ब अंधारच. डिस्प्ले उजळला आणि स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर बंद ठेवणारी सोय) उघडल्यावर स्पीकरमधून तो खळखळणारा आवाज, पावसासारखा. काकू स्वयंपाकघरातून हात पुसत आली.

मेमरी चॅनल फिरवत गेले तर सगळे जागेवर होते. या सेटमध्ये मेमरीसाठी वेगळी बॅटरी लागत नाही, चिपमध्येच राहतं. एका चॅनलला काकांनी इंग्रजी अक्षरांत नाव दिलं होतं, घर. काकूने बघितलं आणि काही बोलली नाही, खुर्ची ओढून बसली. काका टेकडीवर गेले की या चॅनलवरून तिला बोलवायचे, त्यांच्या मागोमाग तिनेही हॅम लायसनची परीक्षा दिली होती. रीसेट केला असता तर हे पुसलं गेलं असतं. म्हणून सांगते, जुना सेट हातात आला की आधी चालू करा, मेमरी कागदावर लिहून घ्या, रीसेट शेवटी.

ट्रान्समिटला बल्ब काढावाच लागतो. हाय पॉवरला सेट दोन अँपच्या आसपास घेतो, बल्ब ठेवून पीटीटी (बोलताना दाबायचं बटण) दाबलं तर बल्ब पिवळा होतो आणि सेट बंद पडतो (मी दाबून पाहिलं, लो पॉवरला, अँटेना लावून. अँटेना किंवा डमी लोड, म्हणजे अँटेनाऐवजी लावायचा रेझिस्टर, यांच्याशिवाय पीटीटी कधीच नको).

मग पॅक भरला. जुने सेल डबल-ए साइझचेच होते, त्या जागी टॅब (सोल्डरिंगसाठी पत्र्याच्या पट्ट्या) लावलेले २००० एमएएचचे निकेल मेटल हायड्राइड घेतले. टॅबवालेच घ्या, सेलवर थेट सोल्डरिंग केलं की उष्णतेने आतलं सील जातं. आतला तापमान बघणारा छोटा पार्ट जुन्या जागीच परत चिकटवला. जुना चार्जर ११०० साठीचा, त्याच्यावर भरवसा ठेवला नाही, बाहेरून २०० मिलिअँपवर पंधरा तास दिले. पॅक फक्त कोमट झाला.

रविवारी सकाळी वेताळ टेकडीवर गेले. काकू घरी तिच्या बेस सेटवर बसली होती. घर चॅनल लावला, पीटीटी दाबलं, माझा कॉलसाइन, म्हणजे लायसनवरची ओळख, सांगितला आणि सोडलं. दोन सेकंद नुसती शांतता. मग तिचा आवाज, तिचा कॉलसाइन, प्रत्येक अक्षर नीट सुटं सुटं.

"फाइव्ह नाइन आहेस, एकदम स्पष्ट. सेट तोंडापासून जरा लांब धर, काकापण असाच तोंडाला लावायचे. ओव्हर."