थांबवून पाहिलेली जागा

जानेवारी २०२४ मध्ये बीबीसीने 'ग्लॅडिएटर्स' पुन्हा सुरू केलं आणि आमच्याकडे माळ्यावरच्या कॅसेटींचा पूर आला. इंग्लंडच्या मिडलँड्स भागात एक छोटंसं वर्कशॉप आहे, जुन्या व्हिडिओ टेप डिजिटल करून देणारं. मी तिथे काम करते. एरवी खोक्यांतून लग्नं निघतात, वाढदिवस निघतात, समुद्रकिनारी रडणारी पोरं निघतात. त्या वर्षी मात्र खोकं उघडलं की एक तरी कॅसेट अशी असायचीच, जिच्या पाठीवर मार्करने 'ग्लॅडिएटर्स, पुसू नये' असं दटावलेलं.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मूळ कार्यक्रम अमेरिकन, १९८९ चा. ब्रिटनमध्ये तो आयटीव्ही या खासगी वाहिनीवर १९९२ पासून २००० च्या पहिल्या दिवसापर्यंत चालला. शनिवारी संध्याकाळी अख्खं घर टीव्हीसमोर. चित्रीकरण बर्मिंगहॅमच्या नॅशनल इनडोअर अरीनात, हजारो प्रेक्षकांसमोर. एका बाजूला नोकरीधंदा सांभाळून व्यायाम करणारे साधे स्पर्धक, आणि समोर वुल्फ, जेट, लाइटनिंग, हंटर, रायनो अशी नावं धारण केलेले, चकचकीत कपड्यांतले पगारी पैलवान. कड्यांना लोंबकळत पलीकडे जायचं आणि समोरून येणारा ग्लॅडिएटर पाय धरून खाली ओढणार. भिंत चढायची, तीही त्याच धास्तीत. किंवा समोरासमोरच्या दोन उंच चौथऱ्यांवर उभं राहून, दोन्ही टोकांना गाद्या बांधलेल्या दांडक्यांनी एकमेकांना खाली पाडायचं. या खेळाचं नाव 'ड्युएल'. शेवटी 'एलिमिनेटर' ही अडथळ्यांची शर्यत, आणि तिच्या शेवटी ट्रॅव्हलेटर, म्हणजे तुम्ही वर चढत असताना खाली सरकणारा पट्टा. तिथे भल्याभल्यांचे पाय विरघळायचे.

वुल्फ हा खलनायक. वयाने इतरांपेक्षा बराच मोठा, पंचांशी हुज्जत घालणारा, प्रेक्षकांनी हुर्यो केली की खूश होणारा. पंच जॉन अँडरसन मात्र नाटकातले नव्हते. ते खरोखरचे ॲथलेटिक्स प्रशिक्षक. १९८२ मध्ये ५००० मीटरचा विश्वविक्रम करणारा डेव्ह मूरक्रॉफ्ट त्यांचाच शिष्य. स्कॉटिश आवाजात 'कंटेंडर, रेडी! ग्लॅडिएटर, रेडी!' अशी त्यांची हाक आली की आमच्या वर्कशॉपमधले पन्नाशीचे पुरुष अजूनही नकळत ताठ होतात. मी या देशात उशिरा आले, त्यामुळे मला यातलं काहीच आठवत नाही. कामाच्या दृष्टीने ते बरंच आहे. ज्यांना आठवतं ते मीटरकडे बघायचं सोडून कार्यक्रम बघत बसतात.

एक गोष्ट बाहेरच्यांना सांगून पटत नाही. लोकांना आता कार्यक्रमापेक्षा मधल्या जाहिराती जास्त हव्या असतात. जाहिरात लागली की रेकॉर्डिंग थांबवायचं, ही त्या काळातली शिस्त. जे आळशी होते, त्यांच्या कॅसेटी आज मौल्यवान. आयटीव्ही तेव्हा प्रांतोप्रांतीच्या कंपन्यांत वाटलेलं होतं, त्यामुळे जाहिरातींच्या मधल्या बोधचिन्हावरून कॅसेट कुठल्या गावची हे मी आता झटकन ओळखते.

तर अशीच एक कॅसेट घेऊन आला चाळिशीचा एक माणूस. त्याची आई नव्वदच्या दशकात या कार्यक्रमात स्पर्धक होती. फॉर्म भरता भरता तो म्हणाला, "ड्युएलमध्ये आईने ग्लॅडिएटरला पाडलंय. घरी कोणीही आलं की आजोबा नेमकं तिथेच पॉज करून दाखवायचे." कोणती ग्लॅडिएटर, ते मी इथे लिहीत नाही. घरातला व्हीसीआर कधीच भंगारात गेला होता, आणि त्यानंतर कोणी ती कॅसेट पाहिली नव्हती. 'काम झाल्यावर मूळ कॅसेट नष्ट करावी' या चौकटीत त्याने बिनदिक्कत खूण केली. ती चौकट फॉर्मवर ठेवण्याची अक्कल कोणाची, हे मला अजून कळलेलं नाही. ज्या फायलीची खात्री केलेली नाही, तिच्या भरवशावर लोक मूळ वस्तू फेकून द्यायला निघतात, आणि आम्ही त्यांना पेन देतो.

'पॉज करून दाखवायचे' हे ऐकलं तेव्हाच मला पुढचं दिसलं होतं. व्हीएचएसमध्ये, म्हणजे घरोघरच्या त्या व्हिडिओ कॅसेटींत, टेप हळू सरकते, सेकंदाला सव्वादोन सेंटिमीटरहून जरा जास्त. चित्र वाचणारी हेड्स ज्या ड्रमवर बसवलेली असतात तो मात्र सेकंदाला पंचवीस वेळा गरगरतो. पॉज दाबला की टेप थांबते, ड्रम थांबत नाही. हेड्स त्याच त्या जागेवर घासत राहतात. म्हणून बऱ्याच व्हीसीआरमध्ये पॉज काही मिनिटांनी आपोआप सुटायची सोय असे. दर वेळी बोट थोडं मागेपुढे पडतं, त्यामुळे झीज एका रेषेत न राहता सेकंद-दीड सेकंदभर पसरते. वर्षानुवर्षं हे चाललं की तेवढ्या पट्टीवरचा चुंबकीय थर निघून जातो. कॅसेट नुसती पाहून घरच्यांचा आवडता क्षण कुठला, हे सांगता येतं. जिथे चित्र उरलेलं नाही, तिथे तो होता.

कॅसेट आली तेव्हा खिडकीतून रिळाच्या कडेवर पांढरी बुरशी दिसत होती. अशी कॅसेट मशिनात घालायची नसते. हेड्स भरतात, आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या लग्नातही तीच बुरशी जाते. पाच स्क्रू काढले, वरची झाकणी उचलली, रिळं बाहेर घेतली. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडामधून टेप सावकाश ओढत नेली. कापड काळं-पिवळं होत जातं, ते बदलत राहायचं. टेपच्या टोकाशी कोणीतरी साधी चिकटपट्टी लावलेली होती. घरगुती दुरुस्तीचा हा प्रकार मला सर्वांत जास्त संताप आणतो. तिचा डिंक उन्हाळ्यात वितळतो, पुढच्या वेढ्याला चिकटतो आणि तिथून थेट ड्रमवर. ती सोडवून, पुसून, खास जोडपट्टी लावून मी सगळं नव्या खोक्यात बसवलं.

ती जागा मी दिव्याखाली धरून पाहिली. टेपचं बाकीचं अंग मंद, मळकट तपकिरी. तेवढीच दोन बोटांहून कमी पट्टी गुळगुळीत, चकाकणारी, किंचित तिरप्या बारीक ओरखड्यांची.

मग मशिनवर. आधी व्हीसीआरची निळा पडदा दाखवायची सवय बंद करावी लागते. सिग्नल कमजोर झाला की ते बापडं समजतं की काही नाहीच, आणि निळं दाखवून मोकळं होतं. ऑनलाइन मिळणारी स्वस्त यूएसबी डबडी याहून वाईट. ती अशा जागी चक्क रेकॉर्डिंगच सोडून देतात, आणि लोक आमच्याकडे येऊन 'टेपमध्ये काही नाही' असं छातीठोकपणे सांगतात. मी टाइम बेस करेक्टर, म्हणजे डळमळणारं चित्र स्थिर करणारं यंत्र, लावला, ट्रॅकिंग (हेड्स टेपवरच्या रेघांशी जुळवायचं बटण) हाताने फिरवत फिरवत तीच जागा वेगवेगळ्या डेकवरून, म्हणजे टेप चालवणाऱ्या मशिनांवरून, काढली आणि सगळ्या प्रती एकमेकींवर ठेवून पाहिल्या. एका डेकला जिथे काही मिळत नाही तिथे दुसऱ्याला कधीकधी चार ओळी मिळतात. इथे कोणालाच काही मिळालं नाही. थरच नाही तर वाचणार काय?

आवाज मात्र जसाच्या तसा होता. साध्या व्हीएचएसचा आवाज टेपच्या कडेच्या पट्टीवर असतो आणि तो वाचणारं हेड स्थिर असतं. पॉज असताना ते कडेला काही करत नाही. त्यामुळे अँडरसनची हाक, तीन-दोन-एक, शिट्टी, गाद्यांचे धप धप, प्रेक्षकांचा आरडाओरडा, सगळं स्वच्छ. चित्रात त्याची आई लाल पोशाखात, हेल्मेट घातलेली, गुडघे वाकवून उभी. ग्लॅडिएटर मागे कलली आहे, तिचा एक पाय चौथऱ्यावरून उचललाय. मग पांढरी खरड. आवाजात एकदम उसळी. खरड ओसरते तेव्हा ग्लॅडिएटर चौथऱ्यावर उभी आहे, आणि लाल पोशाखातली बाई खालच्या गादीवरून हसत उठते आहे.

मी ते मागे नेऊन पुन्हा पाहिलं. ग्लॅडिएटर सावरली होती. आजोबा थांबवायचे तो क्षण खराच होता. फक्त पुढचा दीड सेकंद पाहुण्यांना दाखवलेला नव्हता.

मुलाला नमुन्याची फाइल पाठवली. त्याचा फोन आला तो वेगळ्याच गोष्टीवर. "नेमकं तिथेच खराब! नेटवर कोणीतरी हाच भाग टाकलाय म्हणे, त्यातला तुकडा जोडून द्या ना." त्याने पुढचं पाहिलंच नव्हतं. खरड दिसल्याबरोबर फाइल बंद केली होती. मी सांगितलं की आम्ही टेपमध्ये आहे तेवढंच देतो. शेजारच्या टेबलावरच्या माझ्या सहकाऱ्याने मात्र मान हलवली. डेक दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा मला भेटलेला नाही. टेपवर काय आहे याच्याशी त्याला काडीचं देणंघेणं नसतं. त्याच्या लेखी ते पाण्याच्या पाइपातलं पाणी. मालकानेही 'गिऱ्हाइकाला हवंय तर द्या' म्हणून टाकलं. जेवणाच्या सुट्टीत सहकाऱ्याने तुकडा शोधला, रंग जुळवले, बसवला. जोड कुठे आहे ते मलाही सांगता आलं नसतं. त्या स्वच्छ तुकड्यात सगळं दिसतं. ग्लॅडिएटर सावरते, दांडकं आडवं घालते, आणि ही बाजूला झुकून खाली जाते. एवढंच.

ड्राइव्ह न्यायला मुलगा नाही, त्याची आई आली. साठी उलटलेली, खांदे अजून रुंद, चाल सरळ. 'मला आधी इथेच पाहता येईल का' म्हणाली. मी विचारलं, जशी टेपवर आहे तशी की जोड दिलेली. जोड हा शब्द ऐकून तिने भुवया वर केल्या. "टेपवरची."

मागच्या खोलीत जुन्या डबा टीव्हीवर लावून दिली. ती आधी जाहिराती पाहून हसली. मग वुल्फ पंचांशी भांडतानाचा भाग आला. "कॅमेरा बंद झाला की माणूस सज्जन होता," म्हणाली. ड्युएल सुरू झाली. खरड आली तशी ती पडद्याकडे न पाहता, आवाजावर बोलू लागली. "आता ती खाली बसली. गुडघे वाकवले. मला वाटलं पडतेय, म्हणून मी पुढे झुकले. झुकायचं नसतं. आत्ता, हा धप, हा माझा."

मी म्हटलं, "तुमचे वडील इथेच थांबवायचे ना?"

"वडील?" तिने माझ्याकडे नवलाने पाहिलं. "त्यांना रिमोट कळायचा नाही. ते पाहुण्यांना हाक मारायचे. बटण मी दाबायचे."

मला पुढे काही सुचलं नाही. मुलाने सांगितलेल्या गोष्टीवर मी मनातल्या मनात एक अख्खा प्रेमळ बाप उभा केला होता.

"मुलाला हीच द्या," ती म्हणाली. "दुसरी कशाला?"

ऑर्डर मुलाच्या नावावर होती, पैसे त्याने भरले होते, तुकडा त्याने मागितला होता. मी तिला तसं सांगितलं. ड्राइव्हवर दोन्ही फायली होत्या, एकीच्या नावात 'मूळ' आणि दुसरीच्या नावात 'दुरुस्त'. दुसरी काढून टाकणं माझ्या हातात होतं, आणि दहा सेकंदांचं काम होतं. मी ती काढली नाही. नियमाने बरोबर वागले हे मला कळतं. पण 'दुरुस्त' हे नाव सहकाऱ्याने दिलं होतं, आणि ते बदलायचं माझ्या मनात तिथे उभी असतानाही आलं होतं.

तिने वाद घातला नाही. ड्राइव्ह पर्समध्ये टाकली, आणि ती चौकटीतली खूण खोडून कॅसेटही परत मागून घेतली. फॉर्म भरताना तिचा हिशेब चालूच होता.

"ती पडली असती तर दहा गुण. एलिमिनेटरमध्ये एका गुणाला अर्धा सेकंद, म्हणजे पाच सेकंद आधी सुटले असते. ट्रॅव्हलेटरच्या पायथ्याशी मी तिसऱ्या पावलाला घसरले, तुम्ही पाहिलंत ना? त्यावर पळायचं तर आधी वेग घेऊन यावं लागतं. ते मला आधी कोणी सांगितलं नाही. पाच सेकंद हातात असते तरी मी तिथे घसरलेच असते."

आणि सही करून ती पार्किंगकडे गेली.