आमची वाटचाल : कच्च्या मसुद्याचे मोल

१९९९ मध्ये आम्ही दोघा भागीदारांनी भाषांतर आणि अक्षरजुळणीची कामे घ्यायला सुरुवात केली, तेव्हा आमच्या उत्पन्नाचा मोठा वाटा ज्या कामातून येत असे, ते काम आज कोणी मागतही नाही. त्या काळी देवनागरीचा प्रत्येक फॉन्ट आपल्या मर्जीने अक्षरांना क्रमांक देत असे. एका फॉन्टात जुळवलेला मजकूर दुसऱ्यात उघडला की वेलांट्या आणि रफार भलतीकडेच जाऊन बसत, आणि तो मजकूर ताळ्यावर आणण्याचे पैसे आम्ही पानामागे घेत असू. प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणाऱ्या युनिकोड या मानकाची पहिली आवृत्ती १९९१ सालची असली, तरी ती छपाईच्या व्यवहारात रुळायला बरीच वर्षे लागली. ती रुळली आणि आमचे हे काम संपले. त्यातून आम्ही जो धडा घेतला, तो पुढे अपुरा ठरला : तंत्रज्ञानातली उणीव भरून काढणारी कामे जातात, अकलेची कामे राहतात, असे आम्ही धरून चाललो.

भाषांतराचा दर शब्दामागे ठरतो, आणि पुढचे सगळे या एका प्रथेभोवती फिरले. ट्रान्सलेशन मेमरी, म्हणजे आधी भाषांतरित केलेली वाक्ये साठवून नव्या मजकुरात तसेच वाक्य आले की ते समोर ठेवणारी प्रणाली, १९९०च्या दशकापासूनच बाजारात होती. आम्ही ती उशिरा घेतली, हौसेने घेतली, आणि वाचलेल्या वेळात जास्त काम करून जास्त कमावू असा हिशेब मांडला. ग्राहकांनी मात्र लवकरच दरपत्रक बदलून मागितले : हुबेहूब जुळणाऱ्या वाक्याला नाममात्र दर, अंशतः जुळणाऱ्याला त्याहून थोडा अधिक, आणि पूर्ण दर फक्त नव्या वाक्याला. ती स्मृती भरली होती आमच्याच माणसांनी, पण तिच्यामुळे वाचलेल्या वेळाचे पैसे ग्राहकाच्या खात्यात राहिले. शब्द मोजून पैसे मिळत असतील तर अवजाराने वाचवलेला वेळ अवजार वापरणाऱ्याच्या वाट्याला फार काळ राहत नाही, हे आम्हाला तेव्हाच समजायला हवे होते.

पुढच्या घडामोडी सर्वांच्या परिचयाच्या आहेत. २०१६ च्या अखेरीस गूगलने आपल्या भाषांतरसेवेत न्यूरल पद्धत, म्हणजे ढीगभर भाषांतरांवरून यंत्राने स्वतः शिकण्याची पद्धत, आणली, २०१७ मध्ये आजच्या भाषिक मॉडेलांचा पाया असलेली ट्रान्सफॉर्मर ही रचना मांडणारा शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले. यंत्राने केलेल्या भाषांतराचे माणसाने संपादन कसे करावे, यासाठी आयएसओ १८५८७ हे मानक २०१७ मध्येच निघाले होते, म्हणजे धंद्याची दिशा जाणकारांना दिसत होती. आम्हाला ती जाणवली ग्राहकांच्या भाषेतून. ‘भाषांतर करून द्या’ ऐवजी ‘भाषांतर आहे, फक्त नजर फिरवून द्या’ असे निरोप येऊ लागले, आणि नजर फिरवण्याचा दर अर्थातच पूर्ण दराच्या आसपासही नव्हता.

ही नजर किती महाग पडते, ते आम्ही आमच्याच चुकीतून शिकलो. एका पंपाच्या माहितीपुस्तिकेत ‘हवा काढल्याशिवाय झडप उघडू नये’ असे असायला हवे होते. यंत्राच्या मसुद्यात ते ‘हवा काढल्यावर झडप उघडू नये’ असे आले. व्याकरण निर्दोष, ओघ सुरेख, अर्थ नेमका उलटा. जुन्या यंत्रभाषांतराची वाक्ये इतकी वेडीवाकडी असत की चूक आपणहून डोळ्यांत भरे. नवी चूक गुळगुळीत वाक्यात लपते आणि वाचणाऱ्याला पुढे ढकलते. आमच्या अनुभवी संपादकाच्या नजरेतूनही ती निसटली, छपाईच्या आदल्या दिवशी ग्राहकाच्या अभियंत्याने पकडली, आणि त्या पुस्तिकेची फेरतपासणी आम्ही पदरमोड करून केली. तेव्हापासून आम्ही मूळ वाक्य आधी आणि मसुदा नंतर वाचतो. त्यात वेळ जातो, म्हणून तपासणीचे काम शब्दामागे घेणे सोडून तासामागे घेतो. काही ग्राहक त्यामुळे दुरावले. ज्यांच्या चुकीची किंमत कोर्टात किंवा कारखान्यात मोजावी लागते, ते बहुतेक टिकले.

अर्थतज्ज्ञ रॉबर्ट सोलो यांनी १९८७ मध्ये म्हटले होते की, संगणकयुग सगळीकडे दिसते, फक्त उत्पादकतेच्या आकडेवारीत दिसत नाही. आमच्या वहीतही तसेच दिसते : पाने वाढली, उलाढाल जागच्या जागी. शिवाय खर्चाची एक नवी बाब आली. चॅटजीपीटीसारख्या भाषिक मॉडेलांच्या सेवा बऱ्याचदा टोकनांवर, म्हणजे मॉडेल मजकुराचे जे छोटे तुकडे पाडते त्यांच्या संख्येवर, आकारणी करतात, आणि देवनागरी मजकुराचे तुकडे इंग्रजीपेक्षा अधिक पडत असल्याने तोच आशय आपल्या लिपीत महाग पडतो. अलीकडच्या मॉडेलांत हे अंतर कमी झाले आहे, संपलेले नाही.

तरीही पैशांपेक्षा मला अधिक सलते ती गोष्ट वेगळी आहे. एरिक ब्रिन्यॉल्फसन, डॅनिएल ली आणि लिंडसे रेमंड यांनी ग्राहकसेवेतल्या सुमारे पाच हजार कर्मचाऱ्यांचा अभ्यास २०२३ मध्ये मांडला. त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने उत्पादकता सरासरी १४ टक्के वाढली, नवख्यांची सुमारे ३४ टक्के, आणि मुरलेल्यांना फारसा फायदा झाला नाही. त्या कामाबद्दल हे खरे असेल. आमच्याकडचा नवखाही पहिल्याच आठवड्यात सुबक मसुदा देऊ लागला. पण ‘शिवाय’ आणि ‘वर’ यांतला फरक खटकण्याइतका कान त्याला नव्हता, कारण तो कान शेकडो कच्चे मसुदे स्वतः लिहून आणि त्यांवर लाल शाई सोसून तयार होतो. कच्चा मसुदा यंत्राकडे गेल्यावर आम्ही तीन वर्षे एकही नवा माणूस घेतला नाही, आणि त्या वर्षांचे ताळेबंद चांगले दिसले. मग आमच्या सर्वांत जुन्या संपादक बाई निवृत्त झाल्या, आणि त्यांच्या जागी बसवायला हाताखालचे कोणी तयार झालेलेच नव्हते.

आता आम्ही दोन नवी माणसे घेतली आहेत. पहिले सहा महिने ती यंत्राचा मसुदा न पाहता भाषांतर करतात, आणि ते भाषांतर कोणत्याही ग्राहकाला विकले जात नाही. हा खर्च कोणत्या शीर्षाखाली दाखवायचा, असे हिशेबनीसांनी विचारले. बिलात बसत नाही आणि दुरुस्तीतही मोडत नाही, म्हणून प्रशिक्षणाचे नवे शीर्ष उघडून आम्ही तो सॉफ्टवेअरच्या वर्गणीलगतच लिहायला सांगितला.