परतीचा पाऊस

परत येऊन नऊ दिवस झाले होते. पाऊस सुरू झाला म्हणून मी एका इमारतीच्या छज्जाखाली थांबले. सहा वर्षांची सवय होती ती. विषुववृत्ताच्या उत्तरेला जेमतेम दोन अंशांवर राहत होते मी. तिथे सकाळभर जमीन तापते, दुपारी ढग उभे चढत जातात आणि मग आभाळ फाटतं. तासाभरात सगळं आटोपतं. तेवढा वेळ जो तो असेल तिथे थांबतो, आणि उशीर का झाला असं कुणी विचारत नाही.

इथे, ५५ अंश उत्तरेला, वीस मिनिटं झाली, चाळीस झाली. पाऊस ना वाढे ना थांबे. माणसं कॉलर वर करून माझ्यासमोरून निघून जात होती. हा पाऊस उन्हाने उभ्या चढलेल्या ढगांचा नव्हताच. गार आणि उबदार हवा जिथे भिडतात तिथे पसरणाऱ्या ढगांचा होता तो, दिवसदिवस रिपरिपणारा. हे मला ठाऊक होतं, मी याच हवेत वाढले होते. पण पाय हलेनात. त्या छज्जाखाली मला रडू कोसळलं आणि कशाने, ते माझं मलाच सांगता येईना.

जाताना केवढी तयारी केली होती! लसी, मच्छरदाणी, भाषेचे धडे. येताना केली ती फक्त सामानाची बांधाबांध. घरीच तर जायचंय, तयारी कसली करायची?

अल्फ्रेड शुट्झ हे समाजशास्त्रज्ञ व्हिएन्ना सोडून अमेरिकेत गेले होते. घरी परतणाऱ्या माणसाबद्दल त्यांनी १९४५ साली एक लेख लिहिला. परक्या जागी जाणाऱ्याला आपण परके आहोत याची कल्पना असते. घरी परतणारा मात्र सगळं ओळखीचंच असणार असं धरून चालतो, असा त्याचा गाभा आहे. डिसेंबरात तो वाचला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, माझं काही बिघडलेलं नाही. परक्या संस्कृतीत गेल्यावर बसणाऱ्या धक्क्यासाठी ‘कल्चर शॉक’ हा शब्द रूढ करणारे मानवशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी त्यावरचं १९५४ सालचं भाषण रिओ दि जानेरोमध्ये, म्हणजे उष्ण कटिबंधातच दिलं होतं. पुढे १९६३ मध्ये जॉन आणि जीन गुलाहॉर्न या संशोधकांनी, आधी आनंद, मग घसरण, मग सावरणं अशा मनाच्या आलेखाला परतीची दुसरी घसरण जोडली आणि तो इंग्रजी डब्ल्यू अक्षरासारखा झाला. मला तो आलेख तंतोतंत लागू पडला नाही. सुरुवातीच्या आनंदाचा टप्पा माझ्या वाट्याला आठवडाभरही आला नाही. पण दुसरी घसरण असते, एवढं कळणंही खूप होतं.

आणि या सगळ्यात उजेडाबद्दल कुणी फारसं बोलत नाही, त्याची मला खंत आहे. तिथे वर्षभरात दिवस पंधरा मिनिटांनीही लहानमोठा होत नाही. सूर्य सरळ खाली उतरतो, अर्ध्या तासाच्या आत अंधार. सहा वर्षं माझी झोप, भूक, काम सगळं त्या बारा तासांवर बेतलेलं होतं. इथे डिसेंबरात दिवस जेमतेम सात तासांचा. मी दुपारी चारला दिवा लावून बसायचे आणि वाटायचं, आपलं मनच इथे रमत नाही, आपण कृतघ्न आहोत. निम्मा दोष मनाचा नव्हताच. उजाडल्या उजाडल्या अर्धा तास बाहेर चालायचं असा नेम केला, पाऊस असो वा नसो. तीन आठवड्यांनी झोप थोडी जागेवर आली. हे मी पहिल्याच आठवड्यात करायला हवं होतं.

माणसांचं काय सांगू? सगळे प्रेमाने विचारायचे, “कसं होतं तिकडे?” मी सांगायला लागले की दोन मिनिटांत विषय बदलायचा. धाकटा भाऊसुद्धा म्हणाला, “ताई, आता आलीस ना, सोड तो विषय.” त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण सहा वर्षं अशी सोडून द्यायची कुठे?

फेब्रुवारीच्या शेवटी हुडहुडी भरून ताप आला. एका दवाखान्यात फ्लू समजून गोळ्या दिल्या आणि परत पाठवलं. कुठे राहून आलात हे तिथे कुणी विचारलं नाही, आणि परतून चार महिने झाले म्हणून मीही बोलले नाही. मग ताप एक दिवसाआड यायला लागला. दुसऱ्या डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न होता, “गेल्या वर्षभरात कुठे होता?” रक्ताच्या काचपट्टीवर व्हायव्हॅक्स प्रकारच्या हिवतापाचे (मलेरियाचे) जंतू दिसले. ते यकृतात निपचित पडून राहतात आणि महिन्यांनी, कधी वर्षांनीही उठतात. तापाच्या औषधानंतर यकृतातल्या जंतूंसाठी प्रायमाक्विन दिलं, चौदा दिवस. त्याआधी रक्तातल्या जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) तपासणी केली, कारण ते कमी असेल तर त्या औषधाने तांबड्या पेशी फुटतात. उष्ण कटिबंधातून परतणाऱ्या प्रत्येकाला मी हात जोडून सांगते: ताप आला तर कुठून आलात ते आधी सांगा, कुणी विचारायची वाट पाहू नका.

त्या आजारपणात भाऊ रात्री उशाशी बसायचा. एकदा त्याने आपणहून विचारलं, “तिकडे रात्री एवढी शांतता असायची का गं?” मी फोनवरचं एक रेकॉर्डिंग लावलं. आधी बेडकांचा कालवा, मग पत्र्यावर पहिले चार थेंब, आणि मग इतका आवाज की बाकी काही ऐकूच येत नाही. अकरा मिनिटांचं आहे ते. तो मध्ये एकदाही बोलला नाही. संपल्यावर म्हणाला, “परत लाव.”

तिथून मी हळूहळू सावरत गेले. जूनमध्ये सतरा तासांहून मोठे दिवस आले, रात्री पुरता काळोखच होईना, आणि माझी झोप पुन्हा बिघडली. या वेळी घाबरले नाही, जाड पडदे लावले.

परवा सकाळी घाईत बूट घातले आणि दारापर्यंत गेल्यावर थबकले. तिथे बूट झटकल्याशिवाय पायात घालायचे नाहीत हे पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. एकदा माझ्या बुटातून खरंच विंचू पडला होता. परतल्यावरही रोज झटकत होते. त्या सकाळी विसरले, कदाचित बरेच दिवस विसरत असेन. मी पायरीवर बसले, बूट काढले, उलटे करून दोनदा झटकले आणि पुन्हा घातले. बाहेर रिपरिप चालू होती. मी कॉलर वर केली.