गावच्या दुकानात दागिन्यांचे फोटो काढताना: माझा अनुभव

आमचं सोनाराचं दुकान आर्वी तालुक्यातल्या एका गावात. कापसाचा पैसा हाती आला की लग्नाची खरेदी सुरू होते. पण दागिना पसंत करणारी पोरगी हल्ली पुण्याला नोकरीवर असते, तेव्हा तिला फोटो पाठवावा लागतो. ते काम मी अंगावर घेतलं.

फ्लॅश मारला की सोन्यावर पांढरा डाग पडतो आणि बाकीचं काळवंडतं. खिडकीचा उजेड आणि ट्यूबलाइट एकत्र आले की रंग बिघडतो. एक फोटो पाहून आजी म्हणाली, "आपलं सोनं असं हिरवट दिसते काय वं?" अगदी बरोबर बोलली. गिऱ्हाईक आधी रंगच पाहतं.

पॉलिश केलेली पाटली म्हणजे आरसाच. माझी ओढणी, हातातला मोबाईल, छताचा पंखा, सगळं तिच्यात उमटतं. म्हणून आता आधी भोवताल आवरते. दिवे बंद करते, उत्तरेकडच्या खिडकीशी टेबल लावते. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ तिथेही तिरपं ऊन येतं, म्हणून खिडकीला धुतलेलं मांजरपाट बांधते. समोरच्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा केला की सावली मऊ होते.

पण सगळीकडे पांढरंच ठेवलं की पाटली सपाट दिसते, घडणीचा उठाव हरवतो. इथे काळ्या कार्डशीटची बोटभर पट्टी कामी येते. ती फ्रेमच्या बाहेर, पाटलीच्या कडेला उभी करायची. सोन्यात एक गडद रेघ उतरते आणि गोलाई लगेच कळते. माझ्या मते सगळ्या खटाटोपात ही पट्टीच सर्वांत मोलाची. डोरल्याला मात्र वेगळं लागतं: काळे मणी गडद कापडावर हरवतात, म्हणून खाली फिकट राखाडी कागद ठेवते.

मोबाईल स्टँडवर लावायचा, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते) 100, दोन सेकंदांचा टायमर. फार जवळ गेलं की अंगठी बेढब दिसते, म्हणून थोडं मागे सरून 2एक्स झूम घ्यायचं. त्याआधी मऊ कापडाने बोटांचे ठसे पुसायचे, कारण फोटोत ते डोळ्यांपेक्षा जास्त दिसतात.

बाबांकडे दुरुस्तीला घड्याळंही येतात. एकदा एचएमटी जनता आलं, चावीचं. चावी उतरू दिली, मग काटे दहा वाजून दहा मिनिटांवर ठेवले. जाहिरातीतही बहुधा तसेच असतात, बाराखालचं कंपनीचं नाव मोकळं राहतं. खरा त्रास फुगीर काचेचा होता. खिडकी तिच्यात उमटत होती. घड्याळ थोडं कलतं केलं आणि काचेत जिथली झळक येत होती तिथे काळा कागद धरला, तेव्हा कुठे डायलवरचे आकडे स्वच्छ आले.

हॉलमार्कचा फोटो वेगळा काढते. बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) त्रिकोण, 22के916 म्हणजे 22 कॅरेट शुद्धतेची खूण, आणि सहा अक्षरा-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा नंबर. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कचे दागिने एचयूआयडीशिवाय विकता येत नाहीत. बाबांचं डोळ्याला लावायचं भिंग मोबाईलच्या लेन्ससमोर धरते आणि उजेड अगदी आडवा पाडते, मग कोरलेली अक्षरं उठून येतात. पुण्यातली पोरगी तोच नंबर बीआयएस केअर ॲपवर टाकून स्वतः पाहते. फोटो मात्र व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा. साधा पाठवला तर दाबला जातो आणि नेमकी तीच अक्षरं पुसट होतात.