चॅटबॉटकडे मार्केटिंगचा प्लॅन मागण्याआधी

‘माझ्या छोट्या व्यवसायासाठी मार्केटिंग स्ट्रॅटेजी बनवून दे’ असं चॅटजीपीटी, जेमिनी, क्लॉड यांपैकी कुणालाही सांगून बघा. अर्ध्या मिनिटात दोन पानं हजर. आधी स्वॉट (धंद्याची बलस्थानं, उणिवा, संधी, धोके), मग जेरोम मॅकार्थी यांनी १९६० मध्ये मांडलेले चार ‘पी’ (प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन), मग आठवड्याला पाच पोस्ट, महिन्याला न्यूजलेटर, रेफरल योजना. चूक काढायला जागा नाही आणि हाताला काही लागतही नाही. पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, या हिशेबावर चॅटबॉटमागची मॉडेल्स चालतात. तुमच्या धंद्याबद्दल काहीच सांगितलं नसेल, तर कुठल्याही धंद्याला चालेल असंच उत्तर येणार. तुमच्या स्पर्धकालाही साधारण तेच मिळालेलं असतं.

माझ्या मते प्लॅन मागणं हे शेवटचं काम. आधी कच्चा माल गोळा करायचा: गिऱ्हाइकांचे शब्द, वहीतले आकडे आणि आपल्याला आठवड्याला झेपतं किती. सोयीसाठी एक उदाहरण धरू. घरोघरी जाऊन एसी-फ्रिज दुरुस्त करणारी तीन माणसांची सर्व्हिस.

सुरुवात शब्दांपासून. गेल्या तीन महिन्यांतले ५०-६० मेसेज, रिव्ह्यू आणि चौकशी करून परत न आलेल्यांचे प्रश्न एका फाइलमध्ये उतरवा. नावं, फोन नंबर, पत्ते काढून त्या जागी ग्रा-०१, ग्रा-०२ असे क्रमांक टाका. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. गिऱ्हाइकानं नंबर तुम्हाला दिलेला असतो, चॅटबॉटच्या कंपनीला नव्हे. शिवाय आपल्या गप्पा मॉडेल शिकवायला वापरू द्यायच्या की नाही, याचं बटण बहुतेक चॅटबॉटच्या सेटिंग्जमध्ये असतं, ते बघून घ्या.

एका वेळी २५-३० मेसेजच पेस्ट करा. दोनशे एकदम टाकले तर मधले निसटतात. सूचना साधारण अशी:

‘खाली ग्राहकांचे ३० मेसेज आहेत. काम बोलावण्यामागची कारणं, मनातल्या शंका आणि तक्रारी वेगवेगळ्या कर. प्रत्येक मुद्द्यासमोर ग्राहकाचं वाक्य जसंच्या तसं लिही आणि त्याचा क्रमांक दे. मेसेजमध्ये नाही असं काही घालू नकोस. वाक्य सापडत नसेल तर तो मुद्दा गाळ.’

उत्तर आलं की त्यातली पाच वाक्यं मूळ फाइलमध्ये शोधून बघा. एखादं तरी थोडं बदललेलं निघू शकतं. दोन मेसेज जोडून एक केलेलं असतं, किंवा व्याकरण सुधारलेलं असतं. ‘किती जणांनी वेळेबद्दल तक्रार केली’ असली मोजणी मात्र स्वतःच करा. तीसपैकी सात की नऊ, यात चॅटबॉट बिनदिक्कत चुकतो.

आता समजा, सात जणांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच म्हटलंय: ‘किती वाजता येणार ते नक्की सांगा, दिवसभर घरी थांबता येत नाही.’ दराबद्दल बोललेत फक्त दोघं. इथं खरा माल सापडला. पण पुढच्याच उत्तरात चॅटबॉट त्यावर इस्त्री फिरवतो आणि लिहितो, ‘वेळेचं काटेकोर नियोजन आणि दर्जेदार, विश्वासार्ह सेवा’. असल्या वाक्यानं कुणी फोन उचलत नाही. गिऱ्हाइकाचं वाक्य तसंच ठेवायला लावा आणि त्यातून देऊ करता येईल अशी ठोस गोष्ट शोधा: ‘दोन तासांची वेळ ठरवून देऊ. उशीर झाला तर व्हिजिट चार्ज नाही.’

वाक्य छान आहे. परवडतं का? हे चॅटबॉट आपणहून विचारत नाही, म्हणून आकड्यांकडे यायचं. कामाची सरासरी आकारणी १०० धरू. सुटे भाग, प्रवास, पगार मिळून ६५ जातात, उरतात ३५. दहापैकी चार गिऱ्हाइकं वर्षात आणखी एकदा बोलावतात, म्हणजे एका गिऱ्हाइकामागे वर्षाचे ३५ गुणिले १.४, म्हणजे ४९. त्यातले निम्मे नवं गिऱ्हाईक आणण्यावर घालवायची तयारी असेल तर साधारण २४. चार चौकशांमागे एक काम मिळत असेल, तर एका चौकशीवर ६ पेक्षा जास्त खर्च झाला की जाहिरात अंगावर येते.

आता ती दोन तासांची हमी या हिशेबात घाला. वेळ पाळायची म्हणजे मध्ये मोकळा वेळ ठेवावा लागणार, दिवसाला आठऐवजी सहाच कामं होणार. पगार तोच राहतो. ६५ पैकी ३० पगाराचे असतील, तर ते आता प्रत्येक कामामागे ४० होतात. उरणारे ३५ चे २५ झाले. वर्षाचे ३५, त्यातले निम्मे १७.५, आणि चौकशीमागची मर्यादा सहावरून साडेचारच्याही खाली. म्हणजे एकतर दर वाढवायचा, किंवा हमी ठरावीक भागापुरती द्यायची, किंवा ज्यांना वेळेची खरीच अडचण आहे त्यांच्याकडून जादा आकारायचं. या तीनपैकी काय निवडायचं तीच खरी स्ट्रॅटेजी. पोस्ट किती टाकायच्या हा नंतरचा विषय.

हिशेब चॅटबॉटकडून समजून घ्या, करा मात्र एक्सेलसारख्या शीटमध्ये. आतून कोड चालवणारे चॅटबॉट गणित बरोबर करतात. नुसतं लिहून उत्तर देणारे मध्येच एखादी पायरी गिळतात आणि शेवटचा आकडा तरीही ठामपणे सांगतात.

यानंतर चारशे-पाचशे शब्दांचं ‘धंद्याचं पान’ तयार करा. काय विकता, कुणाला, कशात जास्त सुटतं, दिवसाला किती कामं पेलतात, हंगाम कोणता, महिन्याला खर्चाची मर्यादा, मार्केटिंगला आठवड्याचे किती तास, आधी काय करून पाहिलं आणि त्याचं काय झालं, आणि काय अजिबात करणार नाही. शेवटचा मुद्दा लोक हमखास विसरतात. हे पान प्रत्येक नव्या चॅटच्या डोक्यावर पेस्ट करायचं, किंवा चॅटबॉटमध्ये ‘प्रोजेक्ट’ची, म्हणजे एका कामाचे चॅट आणि फाइल एकत्र ठेवायची सोय असेल तर तिथं ठेवायचं. लांबलेल्या चॅटमध्ये सुरुवातीच्या अटी हळूहळू विरून जातात. ‘व्हिडिओ करणार नाही’ असं तिसऱ्या मेसेजला सांगितलेलं असतं आणि चाळिसाव्याला रील्सची यादी येते. असं दिसलं की वाद घालू नका, नवा चॅट उघडा.

पान दिल्यावरही लगेच प्लॅन मागू नका. ‘प्लॅन देण्याआधी मला दहा प्रश्न विचार, एका वेळी एक. ज्याच्या उत्तरानं तुझा सल्ला बदलेल तेच विचार’ असं सांगा. सात-आठ प्रश्नांनंतर वायफळ प्रश्न यायला लागतात, तिथं थांबवा.

मग तीन पर्याय मागा. एकाच गोष्टीची तीन रूपं नकोत, तीन वेगळे मार्ग हवेत: जुन्या गिऱ्हाइकांना परत बोलावणं, नव्या भागात शिरणं, सोसायट्या-कार्यालयांशी वार्षिक करार. प्रत्येक कामासमोर लागणारे तास लिहून घ्या. हे तास नेहमी कमी लिहिलेले असतात, सरळ दुप्पट धरा. आठवड्याला चारच तास असतील, तर बेरीज चारवर येईपर्यंत काटछाट करायला लावा. चॅटबॉटला भर घालायला आवडतं, कापायला सांगितल्याशिवाय तो कापत नाही.

स्पर्धकांची माहिती त्याला विचारूच नका. वेब सर्च बंद असेल तर तो आत्मविश्वासानं दर आणि ऑफर रचून सांगेल. चालू असेल तर दिलेली प्रत्येक लिंक उघडून बघावी लागते. त्यापेक्षा पाच स्पर्धक स्वतः बघा: पहिल्या ओळीत काय लिहिलंय, दर दिसतो का, चौकशीला किती वेळात उत्तर येतं, आणि त्यांचे दोन-तीन स्टारवाले रिव्ह्यू. एक स्टारवाले रागात लिहिलेले असतात, पाच स्टारवाल्यांत ‘छान सेवा’ एवढंच. मधल्यांत नेमकी तक्रार असते. हा तक्ता भरून दिलात, तर मोकळी जागा शोधायला चॅटबॉट चांगला.

हे यंत्र तुमची री ओढतं, हेही धरून चाला. ‘कसा वाटला प्लॅन?’ विचारलं की उत्तम वाटणारच. नव्या चॅटमध्ये, प्लॅन आपला आहे हे न सांगता, असं लिहा: ‘हा प्लॅन सहा महिन्यांनी पूर्ण फसला. का फसला त्याची पाच कारणं, सगळ्यात संभाव्य आधी.’ मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांची ही ‘प्री-मॉर्टम’ पद्धत माणसांच्या बैठकांसाठी होती, इथंही ती तितकीच कामाला येते. त्याला गिऱ्हाईक बनवून बोलायला लावण्याची टूम मात्र मर्यादेतच वापरावी. फोनवरच्या आक्षेपांची तालीम करायला ठीक. मागणी किती आहे हे त्यातून कळत नाही, कारण खोटं गिऱ्हाईक दोन वाक्यांत पटतं आणि खरं गिऱ्हाईक फोन ठेवून देतं.

मजकूर लिहून घेताना अक्षरं स्वतः मोजा. गूगल अ‍ॅड्समध्ये हेडलाइनला ३० आणि वर्णनाला ९० अक्षरांची मर्यादा आहे. ‘३० च्या आत लिही’ म्हटलं तरी ३४ येतात, कारण मॉडेल अक्षरं बघतच नाही, शब्दांचे तुकडे बघतं. एसएमएसला गंमत आणखी आहे. इंग्रजी मेसेजला १६० अक्षरं मिळतात, देवनागरीला ७० च, आणि त्यावर गेलात की ६७-६७ चे तुकडे पडून प्रत्येकाचे वेगळे पैसे लागतात. त्यात काना, मात्रा, हलन्त सगळं सुटं मोजलं जातं. ‘सर्व्हिसिंग’ डोळ्याला चार अक्षरं दिसतात, फोनच्या लेखी ती ११ आहेत.

आणि दोन मजकुरांची तुलना करून ‘कोणता चालला’ हे ठरवायची घाई नको. प्रतिसाद २ टक्के की ३ टक्के एवढा फरक भरवशानं ओळखायला प्रत्येक मजकूर साधारण ३,९०० जणांना जावा लागतो. शंभर-शंभर जणांना पाठवून दोन ऑर्डर विरुद्ध तीन ऑर्डर आल्या, तर तो एका माणसाचा फरक आहे. चॅटबॉट मात्र त्यावरही तीन परिच्छेदांचा निष्कर्ष काढून देईल. यादी लहान असेल तर शब्दांचे खेळ सोडा, ऑफरच बदलून बघा. फरक मोठा असेल तरच तो लहान यादीत दिसतो.

एका वेळी एकच मार्ग, सहा आठवडे. थांबायची अट आधीच लिहून ठेवा, उदाहरणार्थ ‘चौकशीमागचा खर्च सलग तीन आठवडे मर्यादेच्या दुप्पट राहिला तर बंद’. शीटमध्ये पाच रकाने पुरतात: तारीख, कुठून कळलं, काय हवं होतं, काम मिळालं का, किती उरले. सहा आठवड्यांनी नावांशिवाय हे शीट चॅटबॉटला द्या आणि विचारा, ‘यावरून कोणता निष्कर्ष काढता येणार नाही?’ ‘कुठून कळलं’ या रकान्यात निम्म्याहून जास्त जागा रिकाम्या असतील, तर चॅटबॉट मिटवा आणि आधी फोन उचलणाऱ्या माणसाशी बोला.