एकाच शहरात दोन हिवाळे

आज इथे अमेरिकेत, बफेलो शहराच्या लायब्ररीत दोन तास बसले होते. सकाळपासून ग्रुपवर "या आठवड्यात १० फूट बर्फ" असा मेसेज फिरतोय, आणि साताऱ्याहून आईचे तीन फोन येऊन गेले. ग्रंथपालबाईंनी सरळ राष्ट्रीय हवामान सेवेच्या नोंदी समोर ठेवल्या.

नोव्हेंबर २०१४ वर बोट थांबलं. शहराच्या दक्षिणेला ५ फुटांहून जास्त बर्फ, आणि थोड्याच मैलांवर उत्तरेला जेमतेम काही इंच! हे सगळं शहराला लागून असलेल्या ईरी सरोवराचं काम. थंडगार वारा त्या मानाने कोमट पाण्यावरून येतो, वाफ उचलतो आणि अरुंद पट्ट्यात सगळं रितं करतो. वाऱ्याची दिशा जराशी बदलली की पट्टा सरकतो. सरोवर गोठलं की वाफही आटते, म्हणून हिवाळ्याच्या सुरुवातीलाच जास्त जपायचं. इतकी वर्षं इथे राहून मला हे आज कळलं.

आईला सांगितलं, तर म्हणाली, "म्हणजे आपलं महाबळेश्वर आणि माण गं! एकाच जिल्ह्यात इकडे धो धो पाऊस, तिकडे दुष्काळ." कारण वेगळं, पण चित्र अगदी तेच.

फावडं आणि बर्फ वितळवायला मिठाची पिशवी दाराशी आणून ठेवलीये.